काकू, काय पाहू?

वाचकांचे प्रश्न आणि केबलवाल्या काकूंची उत्तरं

कापूस घरात यायला लागला की माझ्याकडची पत्रं कमी होतात. यंदा तसं झालं नाही. वेचणी, तुरीची राखण, हरभऱ्याला रात्रीच्या लायनीवर पाणी, एवढं सगळं सांभाळून तुम्ही लिहिलंत. काहींनी वहीची पानं पाठवली, काहींनी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवलं. सगळं वाचलं, सगळं ऐकलं.

नव्या वाचकांसाठी माझी ओळख सांगते. आर्णी तालुक्यातलं आमचं गाव आणि आजूबाजूची चार गावं, इथं एकवीस वर्षं आमचं केबल होतं. छपरावर मोठी छत्री आणि समोरच्या खोलीत सगळी यंत्रं. हे खांबावर चढायचे, वानरांनी तोडलेली वायर जोडायचे. वसुली माझ्याकडे होती. महिन्याच्या सात तारखेनंतर वही घेऊन मी घरोघर जायचे. वहीत नाव, जमा आणि बाकी असे तीन रकाने होते. चौथा मी माझ्यापुरता आखला होता, त्या घरात कोणाला कोणती मालिका का आवडते याचा. एका घरच्या म्हातारीनं पैसे मोजता मोजता मला विचारलं होतं, "त्या सुनेच्या हातात भांडं कधी दिसत नाही वो, मंग ते थकते काह्यानं?" त्या दिवसापासून मी मालिकेतल्या माणसांचे हात पाहायला लागले. केबल गेलं, मोबाइल आला, मालिकेची सिरीज झाली. माझी पाहायची रीत तीच राहिली.

निम्म्या पत्रांत विचारलंय की सध्या नंबर एकची सिरीज कोणती. मी नंबर देत नाही. सिरीजमधलं काम ज्यानं स्वतः केलंय त्याचं मत मला जास्त मोलाचं वाटतं, म्हणून या वेळी तशीच पत्रं निवडली आहेत.

"काकू, 'पंचायत'चे चारही सीझन मी पाहिले. गावात लोकं मले तोंडावर 'मंजूदेवी' म्हणतात. पहिले हसू येत होतं, आता राग येते. मी बारावी पास आहो, मासिक सभा मीच चालवतो. सिरीज चांगली आहे का वाईट, तुम्ही सांगा."
महिला सरपंच, दारव्हा तालुका

सरपंचताई, सिरीज चांगली आहे. पण तुमचा राग त्याहून महत्त्वाचा, म्हणून आधी त्याचंच बोलते.

'पंचायत' २०२० च्या एप्रिलमध्ये प्राइम व्हिडिओवर आली तेव्हा लॉकडाऊन होता, आणि घरात अडकलेल्या लोकांना ते मोकळं गाव फार जवळचं वाटलं. फुलेरा गाव उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातलं दाखवलंय, चित्रीकरण मात्र मध्य प्रदेशात सिहोर जिल्ह्यातल्या महोडिया गावात झालं. नीना गुप्तांची मंजूदेवी कागदावर प्रधान, म्हणजे आपल्याकडची सरपंच, आहे आणि कारभार नवऱ्याचा, म्हणजे रघुबीर यादवांचा. पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात २६ जानेवारीच्या झेंडावंदनासाठी ती राष्ट्रगीत पाठ करायला बसते. ही खुर्ची आपली आहे हे तिथं तिच्या पहिल्यांदा मनात येतं. तो भाग मी तीनदा पाहिला.

आता तुमचं बघा. ७३ व्या घटनादुरुस्तीनं १९९३ पासून देशभर पंचायतींत बायांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. तुमच्या आधी तुमच्या तालुक्यात कितीतरी बाया त्या खुर्चीवर बसून गेल्या. मंजूदेवी जिथं शेवटी पोचते तिथून तुम्ही सुरुवात केलीत. तुम्हाला तिचं नाव देणाऱ्याला विचारा, "कोणत्या सीझनची मंजूदेवी?" ज्यानं नीट पाहिलं असेल त्यालाच उत्तर देता येईल, आणि त्याच्याशी मग बसून बोला. तुमच्या पत्रात शेवटी तुम्ही लिहिलंय, मिस्टरांनी कागद पुढे करून "सही कर" म्हटलं आणि तुम्ही म्हणालात, "आंधी वाचू द्या." हे वाक्य त्या सिरीजमध्ये असायला हवं होतं.

खरेपणाचं म्हणाल तर पहिल्याच भागात ग्रामपंचायतीची किल्ली हरवते आणि नवा सचिव कुलपाबाहेर उभा राहतो. ते पाहून मला आमचे खांब आठवले. खांब रोवायच्या परवानगीसाठी मी एका ग्रामपंचायतीत लागोपाठ तीन मंगळवार गेले. किल्ली सरपंचबाईंच्या मिस्टरांच्या खिशात, आणि मिस्टर बाजाराला. बाई घरी होत्या, मला चहा दिला, माझ्याजवळ बसल्या. पण किल्ली त्यांच्याजवळ नव्हती. मला चहा देताना त्यांची मान खाली होती, ती मला अजून दिसते.

फरक आहे तो सचिवाचा. फुलेऱ्याचा अभिषेक ग्रामपंचायतीच्याच खोलीत राहतो, तिथंच झोपतो, तिथंच परीक्षेचा अभ्यास करतो. आपल्याकडचा ग्रामसेवक, २०२४ पासून ज्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, तो दोन-तीन गावं सांभाळतो आणि गावात कोणत्या वारी येईल ते लोकांना विचारावं लागतं. गावात सचिव राहतो म्हणून फुलेऱ्याची गोष्ट घडते. आपल्या गावातली गोष्ट त्याच्या न राहण्याची होईल, आणि ती कोणी केली तर मी पहिली पाहीन.

चौथा सीझन ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढचं वाचू नका. दुधी भोपळा विरुद्ध प्रेशर कुकर या निवडणुकीत सगळा सीझन गेला आणि शेवटी मंजूदेवी हरली. मला पहिले दोन सीझन जास्त आवडले. गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात २०२३ साली वेब सिरीजला पहिल्यांदा पुरस्कार ठेवला, तो 'पंचायत'च्या दुसऱ्या सीझनला मिळाला आणि तो योग्य होता. सौरदिव्याचा खांब कुठं बसवायचा, लग्नातल्या नवऱ्याला चाकाची खुर्चीच कशी पाहिजे, अशा भांडणांत गाव जसं उघडं पडतं तसं निवडणुकीच्या घोषणांत पडत नाही. आता मला हरलेली मंजूदेवी पाहायची आहे. खुर्ची गेल्यावर तिला घरात कोण विचारतं, ते.

"मी पंधरा वर्षांपासून उपकेंद्रात आरोग्य सेविका आहे. 'ग्राम चिकित्सालय' पाहिली. शहरातून डॉक्टर येतो अन् दवाखाना सुधारायला निघतो, हे ठीक. पण लसीकरणाच्या दिवशी व्हॅक्सिन कॅरियर खांद्याला अडकवून चिखलातून जाणाऱ्या बाईची गोष्ट कुठं आहे? रजिस्टरं कुठं आहेत? माझं मागणं जास्तीचं आहे का?"
आरोग्य सेविका, राळेगाव तालुका

सिस्टर, मुळीच जास्तीचं नाही.

ही सिरीज 'पंचायत'वाल्यांनीच केली, २०२५ च्या मे महिन्यात आली, भाग पाचच. अमोल पराशर हा शिकलेला सरकारी डॉक्टर आणि विनय पाठक हा गावातला झोलाछाप, म्हणजे डिग्री नसलेला डॉक्टर, चेतककुमार. लोक दवाखाना सोडून चेतककुमारकडे का जातात, हा खरा प्रश्न आहे आणि तो त्यांनी घेतला, याचं मला समाधान वाटलं. आमच्या भागातही लोक अशाकडे जातात. तो रात्री दोन वाजता दार उघडतो, पैसे कापूस विकल्यावर घेतो आणि म्हातारीचं सगळं गाऱ्हाणं ऐकतो. त्याचं औषध चुकीचं असतं, ते धोक्याचं आहे आणि ते मी गावात मोठ्यानं सांगते. पण दार उघडणं चुकीचं नसतं.

तुमच्या कामाचा आवाका बाहेरच्यांना माहीत नाही. सरकारी निकषानं एका उपकेंद्राला सपाट भागात पाच हजार, आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्या. त्यातलं प्रत्येक बाळ, प्रत्येक गरोदर बाई तुमच्या रजिस्टरात. इंदू नावाची नर्स आणि तिचा मुलगा हा धागा मला त्या सिरीजमधला सगळ्यात सच्चा वाटला. तो शेवटी शेवटी येतो. पहिल्यापासून हवा होता.

आमच्या अंगणवाडीतली एक सकाळ सांगते. सिस्टरनं बर्फाचे पॅक सरकवून लस काढली. सुई टोचायच्या आधी दोन्ही तळहात एकमेकांवर घासले, पदरात धरले, पुन्हा घासले. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, "गार हात लागला तर बाळ सुईच्या आधीच दचकते." हे लिहिणाऱ्याला कोणीतरी सांगायला पाहिजे. तुम्ही असं दहा ओळींत लिहून पाठवा, पुढच्या अंकात मी ते जसंच्या तसं छापायला देईन.

"मुलगा दहावीत आहे. 'कोटा फॅक्टरी' पाहून कोट्याले जातो म्हणते. दोन एकर मक्त्यानं देऊन पैसे उभे करीन. सिरीज पाहून असं ठरवावं का?"
शेतकरी, मंगरूळपीर तालुका

दादा, ठरवू नका. पण सिरीज त्याच्यासोबत बसून पाहा, तिन्ही सीझन.

त्यातला वैभव इटारसीचा आहे. नागपूरहून भोपाळकडे जाताना लागतं तेच जंक्शन, म्हणजे आपल्या शेजारचाच पोरगा म्हणा. जवळजवळ सगळी सिरीज काळ्यापांढऱ्या रंगात आहे, तो रंग कोट्यातल्या पोरांच्या दिवसांचा आहे असं मी समजते. हुशारीप्रमाणे पाडलेल्या तुकड्या, मेसचं जेवण, आजारी पडल्यावरचं एकटेपण, हे त्यात फार नेमकं आलंय. माझी तक्रार पोरांना शिकवणाऱ्या जीतूभैयाबद्दल आहे. जितेंद्र कुमारनं तो इतका मायेचा केलाय की पाहणाऱ्या प्रत्येक पोराला वाटतं, तिथं गेलं की आपल्यालाही एक जीतूभैया भेटेल. हजारो पोरांच्या शहरात तो किती जणांच्या वाट्याला येणार?

तुम्हाला आणखी एक कळलं पाहिजे. कोट्यात मुलांच्या आत्महत्या इतक्या झाल्या की २०२३ साली तिथल्या प्रशासनानं वसतिगृहांच्या खोल्यांत स्प्रिंग लावलेले पंखे बसवायचा आदेश काढला. हे लिहिताना माझा हात थांबला होता, पण बापाला हे माहीत असलं पाहिजे. आणि २०२४ च्या जानेवारीत केंद्र सरकारनं क्लासवाल्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत दहावीची परीक्षा होण्याआधी आणि सोळा वर्षांखालच्या मुलाला प्रवेश देऊ नये असं स्पष्ट आहे. तेव्हा कोणी आत्ताच पैसे भरा म्हणत असेल तर भरू नका.

त्याची दहावी होऊ द्या. मग त्याला विचारा, इंजिनिअर व्हायचंय की डॉक्टर. सिरीजमधली बहुतेक पोरं आयआयटीच्या मागे आहेत, डॉक्टरकीची तयारी करणारी शिवांगी त्यांत वेगळी. दोन्ही वाटा वेगळ्या, अभ्यास वेगळा. अकोला तुमच्यापासून दीड-दोन तासांवर आहे, तिथंही क्लास आहेत आणि तिथून पोरगा शनिवारी घरी येऊन आईच्या हातचं खाऊ शकतो. जमिनीचा कागद त्यानंतर काढा.

"रोजचा दीड जीबी डेटा. दोन भाग पाहिले की संपते. काय करू?"
विद्यार्थिनी, धारणी तालुका

पोरी, एचडीत पाहशील तर तासाला तीन जीबीपर्यंत जातात. सेटिंगमध्ये जाऊन दर्जा कमी कर, साध्या दर्जात पाऊण ते एक जीबीत तास निघतो आणि मोबाइलच्या पडद्यावर फारसा फरक कळत नाही. दुसरं, रात्री बारा वाजता उरलेला डेटा वाया जातो. जेवण झालं की किती उरला ते बघ आणि तेवढ्यात पुढचा भाग डाउनलोड करून ठेव. कॉलेजच्या एसटीत रेंज नसली तरी पाहता येईल. अभ्यासाचे व्हिडिओही असेच उतरवून ठेवत जा.

"नातू सोबत असतो अन् सिरीजमध्ये एकदम शिव्या सुरू होतात. कोणती सिरीज कशी आहे हे आधी कसं ओळखावं?"
आजी, पवनी तालुका

आजी, सिरीज सुरू होताना वरच्या कोपऱ्यात वयाचा आकडा येतो, तो नातवाकडून वाचून घ्या. २०२१ च्या नियमांनी सगळ्यांना तो दाखवावा लागतो: सगळ्यांसाठी 'यू', मग सात, तेरा आणि सोळा वर्षांवरच्यांसाठी 'यू/ए', आणि मोठ्यांसाठी 'ए'. तेरा आणि त्यावरच्या सिरीजला कुलूप लावायची सोयही द्यावी लागते. सुनेला सांगा, नातवाच्या नावाची वेगळी प्रोफाइल करून पिन घालून दे. आणि कुठं काही फार आक्षेपार्ह वाटलं तर त्या त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिता येतं, पंधरा दिवसांत त्यानं निकाल द्यायचा असतो. तुमच्या वयाच्या बाईनं तक्रार लिहिली तर तिला वजन येईल, संकोच करू नका.

"'फॅमिली मॅन'चा तिसरा सीझन २०२५ च्या नोव्हेंबरात आला म्हणतात. आधीचे पाहिले नाहीत. थेट तिसरा पाहू का?"
दुकानदार, हिंगणघाट

नको. २०१९ चा पहिला आणि २०२१ चा दुसरा पाहून घ्या. गुप्तहेर श्रीकांत घरी किती खोटं बोलत आलाय हे माहीत नसेल तर तिसऱ्यात त्याच्या बायकोचा त्रास कळणार नाही. आणि मला त्या सिरीजमध्ये सगळ्यात जवळचा वाटतो तो त्याचा सोबती तळपदे. मैत्री कशी निभवावी ते त्याच्याकडून घ्यावं.

"फोनवर 'खातं बंद होईल' म्हणून सांगितलं अन् माझे ४९ हजार गेले, मृगाच्या संत्र्याचे. आता पुतण्या 'जामतारा' पाहतो. ते पाहून पोट्टे सावध होतील का बिघडतील?"
संत्रा बागायतदार, वरुड तालुका

भाऊ, तुमचे पैसे गेले याचं मला फार वाईट वाटलं. संत्र्याच्या त्या पैशांत किती फवारण्या, किती टँकर असतात ते मला माहीत आहे. तुम्ही पत्रात तीन वेळा "मीच मूर्ख" असं लिहिलंय. ते खोडून टाका. चोरी झालेल्या माणसाला लाज वाटते आणि चोराला वाटत नाही, हा उलटा न्याय आहे.

'जामतारा' नेटफ्लिक्सवर २०२० मध्ये आली. झारखंडमध्ये त्याच नावाचा जिल्हा आहे आणि फोनवरून लुबाडण्याच्या धंद्यासाठी तो खरोखरच कुप्रसिद्ध झाला. सिरीजमध्ये फोन करणारी पोरं तुमच्या पुतण्याच्या वयाची आहेत. एका हातात फोन, समोरच्याचा आवाज बदलला की लगेच त्यांचाही सूर बदलतो. माणूस घाबरला की घाई करतो आणि त्या घाईवरच त्यांचा सगळा धंदा चालतो, हे त्यात स्पष्ट दिसतं. म्हणून मी म्हणेन, पुतण्यानं पाहावी आणि तुम्हीही सोबत पाहावी. शिव्या आणि हाणामारी पुष्कळ आहे, लहानांसमोर लावू नका. पोरगा बिघडेल का? त्या पोरांचं पुढे काय होतं ते शेवटपर्यंत पाहिलं तर त्यात हेवा करण्यासारखं काही उरत नाही. अर्ध्यात सोडू देऊ नका.

आणि घरात भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा: १९३०. पैसे गेल्याबरोबर या क्रमांकावर फोन करायचा, सकाळची वाट पाहायची नाही. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे मधल्या खात्यात अडकवता येण्याची शक्यता जास्त. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, समोरचा बँकेचा साहेब म्हणवत असला तरी.

"मी झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या नाटकांत, पेटी वाजवतो. पोरं नाटकात बसल्या बसल्या मोबाइलवर सिरीज पाहतात. या सिरीजनं आमची रंगभूमी खाल्ली असं तुम्हाला वाटते का?"
पेटीवादक, वडसा

दादा, मला तसं वाटत नाही, आणि का ते सांगते.

मागच्या हिवाळ्यात नणंदेच्या गावी, ब्रह्मपुरीकडे, मंडईच्या जत्रेला गेले होते. रात्री दहाला पडदा उघडला. धानाच्या कापलेल्या बांधीत मांडव, खाली तणस, अंगावर घोंगडी. माझ्या पुढ्यात बसलेला एक पोरगा खरंच मोबाइल पाहत होता. तिसऱ्या प्रवेशात बाप आपल्या लेकीला ओळख दाखवत नाही असा प्रसंग आला, तुमच्यासारख्याच कोणीतरी पेटीवर एकच सूर धरून ठेवला, आणि त्या पोरानं मोबाइल पालथा करून मांडीखाली दाबला. पहाटेपर्यंत त्यानं तो काढला नाही. मी त्याचे हातच पाहत होते म्हणून सांगते.

वडशाहून एका हंगामात नाटक कंपन्या गावोगाव जातात, दिवाळीनंतर सुरू होतं ते होळीच्या आसपासपर्यंत चालतं. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच मातीतल्या कामासाठी. एवढी मोठी रंगभूमी पायाशी असताना आपल्या बोलीतली सिरीज मला कुठं दिसत नाही, माझं दुखणं ते आहे. 'पंचायत' तमिळमध्ये २०२४ साली नव्यानं केली, तेलुगूत २०२५ साली केली, त्यांच्या त्यांच्या गावांत, त्यांच्या माणसांना घेऊन. आपला माणूस पडद्यावर येतो तो एकतर हसवण्यापुरता "काऊन बे" म्हणायला, नाहीतर गळफास घ्यायला. या दोन टोकांच्या मध्ये आपण सगळे राहतो. पेरतो, लग्न लावतो, भांडतो, तुरीच्या शेंगा उकडून खातो.

मला हवी ती सिरीज मी तुम्हाला सांगून ठेवते. झाडीपट्टीतल्या एका कंपनीचा एक हंगाम. दिवसा धान बांधणारा आणि रात्री राजा होणारा नट. दोन गावांच्या मध्ये गाडीत झोपून घेणारी नटी, तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली तिची लेक. पडदे रंगवणारा म्हातारा. आणि मांडवात सगळ्यांत आधी येऊन पेटीची धूळ पुसणारा माणूस. कोणी करायला घेतलीच तर नट मुंबईहून आणू नका म्हणावं, वडशाला या.

"मी रात्री हरभऱ्याच्या राखणीले मचाणावर असतो. रोही अन् डुकरं लय. झोप लागू नये म्हणून एका कानात यंत्र लावून सिरीज पाहतो, दुसरा कान वावराकडं. 'पंचायत'चा दुसरा सीझन संपला त्या रात्री मी लय रडलो. माहा पोरगा सीआरपीएफमधी आहे, छत्तीसगडले. घरी काई सांगितलं नाही. तिसरा सीझन पाहू का नोको?"
शेतकरी, मेहकर तालुका

भाऊ, तुमचं पत्र सगळ्यांत शेवटी ठेवलं, कारण त्याला वेळ द्यायचा होता.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांना थोडक्यात सांगावं लागेल. प्रल्हाद हा फुलेऱ्याचा उपप्रधान, हसरा गडी, बायको नाही, एकच पोरगा आणि तो फौजेत. दुसऱ्या सीझनच्या शेवटी त्या पोराचं पार्थिव गावात येतं. फैसल मलिकनं तो बाप असा केलाय की पाहणाऱ्याला आपल्या घरातलं माणूस गेल्यासारखं होतं. ज्याचा पोरगा खरोखर तिकडे आहे त्यानं ते रात्री, थंडीत, एकट्यानं मचाणावर पाहिलं, तर तो रडणारच. तुम्ही पोरासाठीच रडलात.

तिसरा सीझन पाहा, पण मचाणावर नको. त्याची सुरुवात प्रल्हादच्या दुःखातच होते. तो पितो, कुठंही पडून राहतो, गाव त्याच्याभोवती हात धरून उभं राहतं. ते चांगलं आहे, पाहण्यासारखं आहे, पण ते दिवसा, घरी, वहिनींसोबत बसून पाहा. लावायच्या आधी पोराला फोन करा, काही कारण नसलं तरी. आणि वहिनींना सांगा की दुसऱ्या सीझनला मी रडलो होतो. तुम्ही त्यांना काही सांगितलं नाही म्हणून त्यांना भीती नाही असं समजू नका. त्याही रोज तीच भीती घेऊन भाकरी थापत असतील.

आमचे हे गेल्यावर मी सहा महिने काहीच पाहिलं नाही. मग पहिली पाहिली ती 'गुल्लक'. उत्तरेकडच्या एका मिश्रा कुटुंबाचं साधं घर आणि घरातला मातीचा गल्ला गोष्ट सांगतो. जमील खान आणि गीतांजली कुलकर्णी यांचं काहीतरी घरगुती भांडण चालू होतं, आणि मी पडद्याकडे पाहून मोठ्यानं म्हणाले, "बघा, तुमच्यासारखंच बोलते!" खोलीत कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मावशीला बोलावून घेतलं. ती येताना कापूस आणते, पाहता पाहता वाती वळते आणि मधेच हात थांबवून तिला काय वाटलं ते सांगते. तिचे हात थांबले की मीही सिरीज थांबवते.

तुम्ही राखणीच्या रात्री 'गुल्लक' लावा. एकेक भाग अर्ध्या तासाच्या आतबाहेर, एक संपला की खाली उतरून वावराला फेरी मारता येते. दुसरा कान मोकळा ठेवता ते बरं करता, तो तसाच राहू द्या. आणि पोरगा सुट्टीवर कधी येतोय ते मला कळवा.